बाबांच्या क्यूवरची दोन भोकं

आमच्या घरात देवघरापेक्षा जास्त सोवळं एका काठीला होतं. काठी म्हटलेलं बाबांना चालायचं नाही. "क्यू म्हन," ते डोळे वटारून सांगायचे. "काठीनं ढोरं हाकलतात." आई मात्र शेवटपर्यंत काठीच म्हणाली. एकदा तर दोरीवर अडकलेलं लुगडं काढायला तिनं ती वापरली, तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी आईनं झुणका केला, मग कुठं त्यांचा राग उतरला.

बाबा अमरावतीच्या एका क्लबात मार्कर होते. हे आता समजावून सांगावं लागतं. बिलियर्डच्या टेबलाशी उभं राहून गुण सांगणारा, हिरव्या कापडावर ब्रश फिरवणारा, साहेबाचा फटका चुकला की "नशीब नव्हतं साहेब" म्हणणारा, तो मार्कर. साहेबांना खेळ शिकवायचा तोच, आणि साहेबांसमोर खेळायचं नाही तेही त्यानंच. बाबा दुपारी क्लब रिकामा असताना एकटे खेळायचे. लहानपणी डबा द्यायला गेले की खिडकीतून मला त्यांची पाठ दिसायची. घरी वाकून पाण्याचा तांब्या उचलताना कुरकुरणारा हा माणूस तिथं किती अलगद वाकायचा!

ती क्यू त्यांना अकोल्याच्या एका जिनिंगवाल्या शेठनं दिली. शेठ दर शनिवारी अमरावतीला खेळायला येत. पुढे त्यांचा हात कापायला लागला आणि खेळ सुटला. शेवटच्या शनिवारी त्यांनी क्यू बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "विलायती आहे. सांभाळ." बाबांनी अशी सांभाळली की काय सांगू! महिन्यातून एकदा जवसाचं तेल, मऊ फडकं, आणि कोपऱ्यात कधी टेकवायची नाही, आडवीच ठेवायची. घरी कोणीही आलं, अगदी दूधवाला आला तरी त्याला ती दाखवली जायची. "विलायती हाये," बाबा म्हणायचे, आणि दूधवाला "हाव का?" म्हणून बिचारा दुधाचा कॅन धरून उभा राहायचा.

वरचा भाग फिक्या पिवळ्या लाकडाचा, खालचा काळाभोर. काळ्या लाकडाची चार टोकं फिक्यात शिरलेली, आणि सांधा असा की नखाला लागत नव्हता. बुडाशी एक अंगठाभर सपाट जागा होती. त्या जागेवर दोन बारीक भोकं. विलायती क्यूवर तिथं पितळेची पट्टी असते, तिच्यावर कारागिराचं नाव कोरलेलं असतं. आमच्या क्यूची पट्टी पडली होती. कधी, कुठं, शेठलाही ठाऊक नव्हतं.

ते रिकामेपण बाबांच्या जिवाला फार लागलं होतं. त्यांनी कागद ठेवून भोकांचं माप घेतलं आणि बाजारातल्या एका तांबटाकडून तेवढी पितळी पट्टी कापून आणली. कोरी. दोन बारके स्क्रूही आणले. हे सगळं क्यूच्या टोकाला चोळायच्या खडूच्या रिकाम्या डबीत घालून कपाटात ठेवलं. आई म्हणाली, "लावून टाका ना, भोकं तरी झाकतील." बाबा म्हणाले, "नाव भेटल्याबिगर स्क्रू फिरवत नाई." झालं! डबी कपाटात राहिली ती राहिलीच. आई गेली, क्लबाचं टेबल कुणीतरी विकत नेलं, बाबा निवृत्त होऊन माझ्याकडे राहायला आले, आणि त्यांच्या पेटीत कपड्यांच्या वर ती डबी होती.

मी तेव्हा एका शाळेत शिवण शिकवत होते. ती वर्षं काही चांगली नव्हती. सकाळी पेपर आला की शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पहिलं पान कोणी आधी उघडायचं नाही. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुली मधेच आठ-पंधरा दिवस दिसायच्या नाहीत, आणि परत आल्या तर मान खाली घालून सुई ओवत बसायच्या. सुरुवातीला मी कारण विचारलं. मग विचारायचं सोडून दिलं. अशा दिवसांत घरी जाऊन एका काठीच्या नावाचं कौतुक ऐकायचं, म्हणजे माझं टाळकं सटकायचं. मी तशी तोंडाची फटकळ. एकदा म्हणूनही गेले, "बाबा, जग कुठं चाललं आणि तुमचं काय चाललंय!" ते फडक्यानं क्यू पुसत राहिले.

मग त्यांच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. जेवढी नजर गेली ती परत येणार नाही, राहिली तीही हळूहळू जाईल, थेंब टाकत राहा. रिक्षा घराच्या वळणावर आल्यावर बाबा म्हणाले, "पोरी, मले मरायचं काई नाई. पन डोये जायच्या आधी त्या पट्टीवरचं नाव वाचाचं हाये. येवढं कर."

बाबांनी आयुष्यात मला कधी काही मागितलं नव्हतं. मला रडूच आलं, आणि रडू आलं की मी खेकसते, म्हणून मी रिक्षावाल्यावर खेकसले.

मग लागले मागे. पुण्याच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्यांचं दोन पानी उत्तर आलं: क्यू उत्तम आहे, जुनी आहे, नि:संशय विलायती आहे, परंतु पट्टीअभावी कारागीर ओळखणे शक्य नाही, पट्टी सापडल्यास कळवावे. घ्या! पट्टी सापडली असती तर तुम्हाला कशाला विचारलं असतं, बाप्पा? आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी कॉम्प्युटरवरून जुन्या क्यूंच्या बुडांची चित्रं छापून दिली. बाबा रोज सकाळी ओट्यावर उन्हात बसून भिंग धरून एकेक चित्र आपल्या क्यूशी लावून बघायचे. एखादी जुळली वाटली की हाका मारायचे, "भेटलं वो, भेटलं!" दुसऱ्या दिवशी ते नाव बाद. कुठं टोकं लांब, कुठं सपाट जागा आखूड, कुठं लाकूडच वेगळं. ज्या माणसाचं इंग्रजी "गुड शॉट सर" एवढंच होतं, तो वीस-बावीस गोऱ्या कारागिरांची नावं पाठ म्हणू लागला. भिंग मात्र दिवसेंदिवस डोळ्याच्या जवळ चाललं होतं.

आणि मग एका रविवारी मी जुन्या ब्लाउजांची बटणं काढत बसले होते. शिवणाच्या वर्गाला लागतात. बटण काढलं की कापडावर भोकं राहतात, आणि त्या भोकांची कड ओढलेली असते, धाग्यानं कापलेली. मुलींना मी नेहमी सांगायचे, बटण होतं की नव्हतं हे भोक सांगतं. समोर ओट्यावर बाबांच्या मांडीवर क्यू. माझा हात तिथंच थांबला.

"बाबा, भिंग द्या बरं."

स्क्रू एकदा फिरला की लाकडात त्याचे आटे उमटतात. वर्षानुवर्षं पितळ टेकलं असेल तर लाकडावर हिरवट डाग राहतो, पट्टीखालची जागा वेगळ्या रंगाची दिसते. इथं काहीच नव्हतं. भोकं गुळगुळीत, आणि आतून लाकडाहूनही काळी. जळलेली. तापवलेल्या टोचणीनं पाडलेली भोकं होती ती. त्यांत कधी स्क्रू गेलाच नव्हता.

मला गप्प बसता आलं असतं. पण जिभेला हाड कुठं होतं! मी म्हणून बसले, "बाबा, हिच्यावर पट्टी कधी नव्हतीच. ही विलायती नाहीच मुळी. कुणीतरी इथंच नक्कल केलीय."

बाबांनी क्यू माझ्या हातातून घेतली, आत गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोपऱ्यात उभी टेकवून ठेवली. आठ दिवस माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत. जेवायचे, थेंब टाकायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. काय केलं मी हे? उरल्यासुरल्या नजरेत त्यांना जे बघायचं होतं तेच मी पुसून टाकलं होतं. मी तीनदा झुणका केला. आईच्या हातचा गुण माझ्या हाताला नव्हता.

नवव्या दिवशी चहाचा कप खाली ठेवत ते म्हणाले, "तीस वर्षं त्या क्यूनं खेळलो मी. एकडाव वाकली नाई. पावसायात नाई, उनायात नाई. विलायती क्यू वाकलेल्या पाह्यल्या मी, साहेबायच्या." मग जरा थांबून, "थे खोटी नोहे. मंग कोनं केली थे पाहा लागन."

मी इतकी खूश झाले की चहा दुसऱ्यांदा ठेवला.

धागा एकच होता, अकोल्याचे शेठ. शेठ केव्हाच वारले होते. पुढच्या रविवारी क्यू जुन्या चादरीत गुंडाळून आम्ही बसनं अकोल्याला गेलो. बसमध्ये सगळे चादरीकडे बघत होते. कंडक्टरनं विचारलंच, "आजोबा, बंदूक हाये का?" बाबा म्हणाले, "त्याच्याहून भारी हाये," आणि कितीतरी दिवसांनी हसले.

जिनिंगच्या फाटकाला साखळी होती. आत जिथं कापसाचे ढीग लागायचे तिथं गाजरगवत वाढलेलं. म्हातारा चौकीदार तेवढा खुर्ची टाकून बसला होता, कशाची राखण करत होता देव जाणे. शेठच्या काठीचं विचारलं, तर त्यानं क्यू बघितलीही नाही, चादर बघूनच बोलला. "लाकडाचं काम हाये? शेठचं समदं लाकडाचं काम जुन्या शहरातला खरादी करे. हाये अजून. जा, भेटन."

मोर्णा नदीच्या पलीकडे दोन गल्ल्या ओलांडल्यावर त्या खरादीचं, लाकूड कातणाऱ्याचं घर सापडलं. पुढच्या खोलीत लाकूड कातायचा चरक, खाली भुशाचा थर, आणि भिंतीला टांगलेली दहा-बारा चाडी. पेरताना तिफणीवर बसवतात आणि मुठीनं बी सोडतात तो लाकडाचा पेला म्हणजे चाडं. त्याच्या बुडाला भोकं, प्रत्येक भोकाला एक नळी, म्हणजे बी तिन्ही ओळींत सारखं पडतं. चाड्यांवर धूळ होती. आता ट्रॅक्टरनं पेरतात, कपाशीचं महागाचं बी बाया हातानं एकेक टोबतात, चाडं कोण मागणार? म्हातारेबुवा पाळण्यावर टांगायचे लाकडी चेंडू रंगवत बसले होते. बाबांहून चार-पाच वर्षांनी मोठे असतील. पांढरी टोपी, जाड चष्मा.

मी चादर सोडली. "चाचा, ही कुणी केली असेल, सांगता येईल?"

त्यांनी क्यू घेतली, डोळ्याशी धरून टोकापासून बुडापर्यंत नजर टाकली. मग चष्मा काढला आणि हात फिरवला. "बेटा, ये तो मेराच काम है," ते म्हणाले. बाबांकडे वळले. "कुठी होती इतके वर्स?"

बाबा तिथंच भुशात बसले. मीच सगळं सांगितलं: शेठ, क्लब, बाबांचे डोळे. चाचांनी आतून पाणी आणवलं आणि सांगू लागले. शेठ एक मोडलेली काठी घेऊन आले होते. म्हणाले, अशीच करून दे. चाचांनी मेळघाटाकडचं धामणीचं लाकूड वर लावलं आणि टेंभुर्णीचा काळा गाभा खाली. धामण लवते पण वाकून राहत नाही, बैलगाडीवाल्यांना ठाऊक असतं. सहा महिने वाळवली. कापली, रंध्यानं तासली, काचेच्या तुकड्यानं घासली. "नमुन्यावानी झाली पायजे. आमच्या अब्बाचा कायदाच होता. कुनबी नांगराचं जुनं रुमनं घिऊन ये, नवं करून दे म्हने. जुन्या रुमन्यावर त्याच्या हाताचा खड्डा पडेल राहे. आमी नव्यालेबी तसाच खड्डा कोरो. त्याचा हात तिथं बसते ना. आपली अक्कल लावाची नाई. नमुन्यात जे हाये थे समदं कराचं."

"समदं," बाबा हळूच म्हणाले. मी त्यांच्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही एकदमच उमगलं. नमुन्याच्या काठीची पट्टी आधीच पडलेली होती. चाचांपुढे आली ती दोन रिकाम्या भोकांची काठी. त्यांनी भोकंही केली, मापात, तंतोतंत, चाड्याला पाडायचे तशी तापवलेल्या टोचणीनं. आणि शेठनं तीच क्लबात विलायती म्हणून चालवली.

"यानं खेयतात कसं?" चाचांनी विचारलं.

"तुमी पाह्यलं नाई कधी?"

"नाई ना भौ. एकडाव अमरावतीले लग्नाले गेलतो. म्हनलं पाहू, आपली काठी काय काम करते. क्लबाच्या फाटकावर गेलो. आतून मानूस आला, म्हने, इथी मिस्त्री लोकायचं काम नाई. परत आलो."

बाबांची मान खाली गेली. तो माणूस ते स्वतः होते की शिपाई, हे त्यांनाही आठवत नसेल. पण बाहेरच्याला आत सोडायचं नाही हे फाटकावरच्यांना शिकवणारे बाबाच होते. मग उठले. "माफ करजा मिस्त्री," म्हणाले, आणि चाचा काही बोलायच्या आत मला म्हणाले, "पोरी, थे चादर त्या बाजीवर टाक."

बाज नको, चाचा म्हणाले, झोल आहे तिला. त्यांनी लाकडी फळी काढून दिली. मी तिच्यावर चादर अंथरली, सुरकुत्या काढल्या. बाबांनी पाळण्याचे दोन न रंगवलेले चेंडू घेतले, एक इथं ठेवला, एक तिथं. चेंडू कुठं आहेत हे त्यांनी बोटांनी चाचपून घेतलं. मग ते वाकले. तेच वाकणं. खिडकीतून दिसायचं ते. त्यांनी क्यू मागे घेतली, एकदा, दोनदा, आणि सोडली. चेंडूवर चेंडू टकदिशी आपटला आणि सरळ रेषेत जाऊन फळीवरून भुशात पडला.

"वा रे वा!" चाचा लहान मुलासारखे हसले. "अशी चालते काय! सीधी जाते ना पन!"

"तीस वर्सं सीधीच गेली," बाबा म्हणाले.

चाचांनी क्यू परत हातात घेतली. अंगठा बुडाशी नेला, सपाट जागेवर. "भौ, एक गोठ इचारू? हे दोन भोकं कायले हायेत, आजलोक समजलं नाई मले. चाड्याले भोक असते त् बी पडाले असते. बिनकामाचं भोक कोनी पाडत नाई. मी शेठले इचारलं, शेठ हासले. मी घरी लय इच्यार केला. खेयात लागत असतीन म्हनलं. तुमी खेयले, सांगा बरं."

बाबांनी खिशातून खडूची डबी काढली. कधी खिशात टाकली होती मला माहीत नव्हतं.

"नाव लावाले असतात थे," बाबा म्हणाले.

"कोनाचं?"

"ज्यानं केली त्याचं."

चाचांनी पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली. चष्मा घातला, काढला, टोपीनंच डोळे पुसले. "म्हंजे माह्याच नावाची जागा होती का?" ते म्हणाले. "माह्याच हातानं करून ठेवली, अन् मलेच..." मीही रडत होते, आणि या खेपेला खेकसायला कुणी नव्हतं.

नाव त्यांनी स्वतःच कोरलं. कोणत्या लिपीत, त्यांनी विचारलं. बाबा म्हणाले, "तुमी सही करता थ्याच्यात." म्हणून उर्दूत. मी कानात सांगितलं, चाचा, जरा खोल कोरा. त्यांनी बाबांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि टोचणी पुन्हा दोनदा फिरवली. स्क्रू बाबांनी लावले. बाबांना एक अक्षर वाचता आलं नाही. भिंग धरून ते ती वळणं इतका वेळ बघत राहिले की परतीची बस चुकली.

पुढे दोन वर्षांत नजर पूर्ण गेली. तोवर अंगठ्याला ते नाव पाठ झालं होतं. बाबा ओट्यावर बसायचे, क्यू मांडीवर, अंगठा उजवीकडून डावीकडे. चाचांनी ते तसं शिकवलं होतं. दूधवाला नवा आला होता. त्यानं कॅन खाली ठेवला आणि विचारलं, "आजोबा, विलायती हाये काय?"

"विलायती कायले? अकोल्याची हाये," बाबा म्हणाले. "नाव हाये ना बाप्पा तिच्यावर. हात लावून पाह्य."